शिकायला आलेली पोरं आणि आपलं दार

इंजिनिअरिंग झालं आणि जर्मनचा क्लास लावला, असं एखादं तरी पोर आता निगडी-आकुर्डीत दर चार बिल्डिंगमागे सापडतं. 2009 मध्ये फोक्सवॅगन चाकणला आली, आता आपली पोरं तिकडे निघालीत. 2022-23 च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चीनला मागे टाकलं. 2023-24 मध्ये आकडा 49 हजारांच्या वर गेला.

पण पुण्यात हीच गोष्ट उलट्या बाजूने आधी घडलीय. फर्ग्युसनच्या होस्टेलचे रेक्टर असताना प्रा. शां. ब. मुजुमदारांना एक मुलगी खिडकीतून डबा देताना दिसली. चौकशी केली तर खोलीत मॉरिशसचा विद्यार्थी, काविळीने आजारी. परक्या गावात त्याला बघणारं कोणी नव्हतं. त्यातूनच 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली.

त्या काळात पुण्यात इराणी विद्यार्थी भरपूर. 1979 ला इराणमध्ये क्रांती झाली, पाठोपाठ 1980 ला इराकशी युद्ध. इकडे शिकणाऱ्यांचं घर, पैसा, परतीची वाट सगळंच डळमळलं. पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर अफगाण पोरं आली. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं आणि भारताने अफगाणांचे जुने व्हिसा रद्द केले. कोरोनात घरी गेलेले कितीतरी जण तिकडेच अडकले. त्यांची डिग्री अर्धी राहिली, चूक मात्र त्यांची नव्हती.

2021-22 च्या सरकारी पाहणीत देशात साधारण 47 हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यात नेपाळचे 28 टक्के, कारण नेपाळ्यांना व्हिसाच लागत नाही. दुसरा नंबर अफगाणिस्तानचा, पण जेमतेम पावणेसात टक्के. म्हणजे कुठल्या देशाची पोरं किती, हे मार्कांपेक्षा सीमा, युद्ध आणि व्हिसाच जास्त ठरवतात.

उद्या तिकडचं सरकार बदललं, नियम कडक झाले, तर हाच फटका आपल्या पोरांना बसेल. कर्ज मात्र इथल्या फ्लॅटवर असेल.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पोराला पाठवताना कॉलेजच्या रँकिंगबरोबर तिथल्या व्हिसाचे नियमही वाचा. आणि आपल्या सोसायटीत आफ्रिकेतला किंवा अफगाण विद्यार्थी खोली विचारायला आला, तर 'फॉरेनर नको' म्हणण्याआधी आपलं पोर आठवा. तेही आत्ता कुठेतरी असंच दार वाजवत असेल.

तुमच्या घरातलं कोण बाहेर शिकतंय? खोली शोधताना काय अनुभव आला? कमेंटमध्ये लिहा.