अवस्थांतराचा साक्षीदार : प्रकाश

महाविद्यालयीन वर्गात रामन परिणाम बहुधा २८ फेब्रुवारी या तारखेपुरता उरतो. वस्तुतः तो एका अभ्यासपरंपरेचा आरंभ आहे व हैदराबादचा तिच्याशी संबंध आहे. येथील निजाम कॉलेजचे पदवीधर सूरी भगवंतम् १९२८ साली कोलकात्यास रामन यांच्याकडे संशोधनासाठी गेले; पुढे १९५२ ते १९५७ या काळात ते उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते.

१९४० साली रामन व नेडुंगडी यांनी क्वार्ट्‌झ तापवून त्यातून विखुरणारा प्रकाश तपासला. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्‌झची रचना बदलते. त्या तापमानाकडे जाताना एक वर्णरेषा मूळ रेषेकडे सरकत धूसर झाली. बदलाची पूर्वसूचना प्रकाशानेच दिली.

विरळ इलेक्ट्रॉन परस्पर प्रतिकर्षणामुळे स्फटिकासारखे रचले जातील, असे भाकीत विग्नर यांनी १९३४ साली केले. २०२१ साली झुरिक व हार्वर्ड येथील संशोधकांनी मॉलिब्डेनम डायसेलेनाइडच्या अतिपातळ थरांत ही द्विमितीय रचना प्रकाशीय मापनांतून ओळखली. तापमान वा इलेक्ट्रॉनांची घनता वाढली की ती वितळते.

साधने बदलली, मूळ प्रश्न तोच राहिला. विद्यार्थ्यांना तारखेबरोबर हा प्रश्नही दिला, तर त्यांना रामन यांचे कार्य आजचे वाटेल.