कोल्हापूर प्रकरण : खटला आणि खुलासा

प्रश्न विचारणे हा वृत्तपत्राचा धर्म, आणि उत्तर देणे हे सत्तेचे कर्तव्य. अलीकडे कित्येक पत्रकार पहिली बाजू सोडून दुसऱ्या बाजूस जातात. अडचणीत सापडलेल्या सरकारच्या किंवा संस्थेच्या वतीने लोकांस खुलासा करणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. परंतु असा व्यवसाय अस्तित्वात नव्हता त्या काळी, खुलासा करण्याचे मोल काय आणि न करण्याची किंमत काय, हे कोल्हापूरच्या एका प्रकरणाने महाराष्ट्रास दाखवून दिले.

१८७० च्या नोव्हेंबरात छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. पुढील वर्षी चौथे शिवाजी महाराज दत्तक म्हणून गादीवर आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे आठ वर्षांचे. राज्याचा कारभार इंग्रज अधिकारी आणि कारभारी यांच्या हाती होता. महाराज वयात येऊ लागले तशी त्यांना वेड लागल्याची वार्ता पसरली. वेड खरे, की छळाने लावलेले, हाच प्रश्न जो तो एकमेकांस विचारू लागला. दरबाराकडून मात्र लोकांची खात्री पटेल असे उत्तर येईना.

जेथे उत्तर नसते तेथे अफवेस ऊत येतो. १८८१ च्या जानेवारीत पुण्यास ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली होती. ‘केसरी’चे संपादक आगरकर व ‘मराठा’चे टिळक, दोघेही ऐन पंचविशीतले. महाराजांच्या छळाविषयी त्यांनी कडक लेख लिहिले. कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या म्हणून दाखविण्यात आलेल्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला. बर्वे यांनी मुंबईस अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट ठरली.

प्रश्न विचारणाऱ्यांवरच आता उत्तर देण्याची पाळी आली. दोघा संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तथापि फिर्याद मागे घेतली गेली नाही. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे हे जामीन राहिले. वास्तविक फुले आणि हे तरुण संपादक यांच्या मतांत पुष्कळ अंतर होते. पण अडचणीच्या वेळी ते आड आले नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली.

खटला हरलेल्यांचा सत्कार का व्हावा? लोकांनी बनावट पत्रांस खरे मानले असे नव्हे. संपादकांची चूक उघड झाली होती, तिचे प्रायश्चित्तही त्यांनी भोगले होते. न्यायालयापुढचा प्रश्न एवढाच होता की, बर्वे यांची अब्रू नाहक गेली काय? त्याचे उत्तर मिळाले, आणि बर्वे यांना न्याय मिळाला. परंतु लोकांचा प्रश्न निराळा होता : आमचे महाराज सुखरूप आहेत काय? त्याचे उत्तर खटल्याच्या निकालात असणे शक्यच नव्हते. ते राज्यकारभार करणाऱ्यांनीच द्यावयास हवे होते.

पुढे महाराजांस अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे. या वेळी सरकारने आपली हकीकत सांगितली. पण ती ऐकून घेण्यास कोणाचे मन तयार नव्हते. वर्षानुवर्षे मौन पाळणाऱ्याचे बोल ऐन संकटात कोण खरे मानणार? १७ मार्च १८८४ रोजी शाहू महाराज दत्तक येऊन गादी भरली, तरी मागील संशय फिटला नाही.

संपादक खटला हरले व लोकांचा विश्वास राखू शकले. राज्यकर्ते खटला जिंकूनही तो गमावून बसले. अब्रू कोर्टात भरून मिळते, विश्वास मिळत नाही. तो संकट येण्यापूर्वीच, रोजच्या खऱ्या बोलण्याने, साठवावा लागतो.