काळ्या कातळातले शंख

विहीर खणताना सुरुंग लावून फोडावा लागतो तो आपला काळा कातळ एकेकाळी तापलेला पातळ रस होता! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा भुईच्या भेगांतून उसळला, थरावर थर पसरला आणि निवून दगड झाला. हा अग्निज खडक. पाण्यातला गाळ साचून, दबून घट्ट होतो तो स्तरित खडक. आणि उष्णतेने वा दाबाने रूप पालटतो तो रूपांतरित, जसा चुनखडीचा संगमरवर.

आता तापल्या रसात जीव टिकणार कसा? म्हणून जीवाश्म शोधायचे ते बहुधा गाळाच्या खडकात. पण लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये मोठा काळ जाई. तेवढ्यात तळी भरत, झाडे वाढत, गोगलगायी नांदत. गोगलगाय मेली की गाळात पुरली जाई. मऊ अंग कुजे, शंख उरे आणि पाण्यातली खनिजे मुरून त्याचा दगड बने. मग वर नवा लाव्हा पसरे.

नागपूरजवळ टाकळीला १८५१ च्या सुमारास स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप यांना अशाच थरात शंख, फळे नि बिया मिळाल्या. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे बिरबल साहनी यांनी अशा थरांतल्या वनस्पती अभ्यासल्या.

तेव्हा विहिरीत दोन कातळांमध्ये गाळाचा पट्टा दिसला, तर कुदळ जरा थांबवा. शंख निघाला तर किती खोलीवर, कोणत्या थरात, ते लिहून गुरुजींना दाखवा. जागा हरवली की दगडाची अर्धी कहाणी हरवते.