एका वळणाची कुळकथा

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातला कुठलाही गावनकाशा उघडला की गाडीरस्ते दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेले दिसतात. त्यातली एखादी जोडरेषा बोटाने पुढे नेत गेलं की लक्षात येतं, रस्ता बांधाबांधाने चाललाय. बांध संपला की तो काटकोनात वळतो आणि पुढच्या वावराचा बांध धरतो. बुराई नदीला मिळणारा एखादा नाला आडवा आला, तर जिथे उतार सोपा तिथे खाली उतरतो. या वळणांना कोणी त्रिज्या ठरवून दिलेली नव्हती. बैलजोडी जवळजवळ जागच्या जागी फिरते, त्यामुळे गाडीवानाला त्रिज्येची गरजच नव्हती. वळण कुठे आणि किती, हे वावराची हद्द ठरवायची.

आता याच रस्त्यांपैकी एखाद्याचं रुंदीकरण निघतं. धुळ्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या कार्यालयात बसलेला अभियंता पडद्यावर ते वळण उघडतो, कोपऱ्यावरचा ठिपका माऊसने धरून थोडा ओढतो, आणि क्षणात सगळी भूमिती नव्याने मांडली जाते. हात तेवढाच हलतो, पण त्यामागे तीनशेहून अधिक वर्षांचं डोकं आहे. ते कुणाकुणाचं, हे समजून घेतलं तर ठिपका ओढणारा हात जरा जबाबदारीने चालेल, असं मला मनापासून वाटतं.

रूळ आले, त्रिज्या आली

या मुलखात मोजूनमापून आखलेली वळणं प्रथम आली ती रेल्वेबरोबर. सुरतहून निघून तापीच्या खोऱ्याने अमळनेरपर्यंत येणारी तापी व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद ही गावं त्या लोहमार्गावर आली. बैलगाडी बांधाशी अडली की वळते, आगगाडीला ते जमत नाही. रुळांचं वळण आधी कागदावर वर्तुळाच्या तुकड्यासारखं काढावं लागतं, मग तेच जमिनीवर खुंट्या ठोकून उतरवावं लागतं.

ते उतरवण्याची रीत ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांच्या नावाने ओळखली जाते. सरळ रेषा जिथे संपते तिथे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लावायचा. दर ठरावीक अंतराला किती कोन वळायचं ते आधी काढून ठेवायचं. साखळी ताणायची, कोन लावायचा, खुंटी ठोकायची, पुढे जायचं. कोन मिनिटांत काढायचं सूत्र आजही स्थापत्य डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं: 1718.9 गुणिले साखळीची लांबी, भागिले त्रिज्या. त्रिज्या 360 मीटर आणि खुंट्यांमधलं अंतर 20 मीटर धरलं, तर दर खुंटीला साधारण 95 मिनिटं, म्हणजे दीड अंशाहून थोडं जास्त. उन्हात उभं राहून, वहीत कोष्टक मांडून, एकेक खुंटी करत वळण उभं राहायचं. मध्येच एक कोन चुकला, तर शेवटची खुंटी पुढच्या सरळ रेषेवर येतच नसे आणि सगळं पुन्हा करावं लागे.

रेल्वेवाले अजूनही वळण 'डिग्री'त सांगतात. 1750 ला त्रिज्येच्या मीटरने भागलं की डिग्री मिळते. ती परिभाषा त्याच थिओडोलाइटच्या काळातली.

गचका कुठून बसतो

वर्तुळाच्या वळणात एक खोट आहे. सरळ रेषेची वक्रता शून्य, वर्तुळाची ठाम. जोडावर गाडी एका क्षणात शून्यातून त्या ठाम वक्रतेत शिरते आणि बाजूचा जोर एकदम अंगावर येतो. कागदावर जोड कितीही गुळगुळीत दिसला, तरी डब्यात बसलेल्या माणसाला गचका बसतोच.

हे दुखणं विल्यम फ्रूड यांनी नीट ओळखलं. पुढे जहाजांच्या नमुन्यांवरच्या प्रयोगांनी ते नावारूपाला आले, पण त्याआधी रेल्वे अभियंते ब्रुनेल यांच्या हाताखाली ब्रिस्टल–एक्झिटर रेल्वेवर ते अभियंता होते. सरळ आणि वर्तुळ यांच्यामध्ये हळूहळू घट्ट होत जाणारा एक तुकडा घालावा, हा त्यांचा तोडगा 1860–61 च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि रँकिन यांच्या 1862 च्या ग्रंथातून अभियंत्यांच्या हाती पडला. हाच संक्रमण वक्र.

ज्या वक्राची वक्रता लांबीच्या प्रमाणात वाढत जाते, तो गणितात आधीपासून होता. याकोब बर्नुली यांनी 1694 मध्ये स्प्रिंगचा विचार करताना त्याला हात घातला होता आणि ऑयलर यांनी 1744 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. त्याला क्लोथॉइड म्हणतात. वेग तोच ठेवून चालकाने स्टिअरिंग एकसारख्या गतीने फिरवत नेलं, तर गाडी जवळपास याच वक्रावरून जाते. म्हणून तो वळणाला इतका फिट बसतो.

पण तो ठेवायचा किती लांब? याचं उत्तर एका अपघातातून पुढे आलं. 1 जुलै 1906 रोजी इंग्लंडमधल्या सॅलिसबरी स्थानकाजवळ वेगात आलेली गाडी तीव्र वळणावर उलटली आणि 28 माणसं गेली. त्याच्या चौकशीशी संबंध आलेले रेल्वे अभियंते विल्यम शॉर्ट यांनी पुढे वळणांचा पिच्छाच पुरवला. बाजूचा जोर दर सेकंदाला किती वाढला तर माणूस सहन करतो, त्यावरून संक्रमण वक्राची लांबी काढावी, असं त्यांनी 1909 मध्ये मांडलं. या सूत्रात वेगाचा घन येतो. म्हणजे वेग दुप्पट केला तर तेवढ्याच त्रिज्येच्या वळणाला आठपट लांब संक्रमण लागतं.

रस्त्याला वळणाचे नियम मिळाले

मोटारी आल्या तसं हे सगळं रेल्वेकडून रस्त्याकडे आलं. जर्मनीतल्या ऑटोबानच्या आखणीत क्लोथॉइड रस्त्यावर रुजला आणि 1954 मध्ये तिथल्या अभियंत्यांनी त्याचे तक्ते ग्रंथरूपाने छापले.

आपल्याकडच्या शाखेत एक मराठी नाव आहे. 1927 मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. समितीचा अहवाल 1928 मध्ये आला. त्यातून 1929 चा मध्यवर्ती रस्तेनिधी आणि डिसेंबर 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी, उभी राहिली. ग्रामीण महामार्गांच्या भूमितीसाठी आयआरसी 73 (1980) आणि आडव्या वळणांसाठी आयआरसी 38 (1988) ही तिची पुस्तकं रस्ते आखणाऱ्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं राहिली.

त्यांचा गाभा एका ओळीत सांगता येतो. वेगाच्या वर्गाला त्रिज्येच्या 127 पटीने भागलं की जी मागणी येते, ती रस्त्याचा तिरपा उतार आणि टायरची पकड या दोघांनी मिळून भागवायची. पकड 0.15 धरायची. उतार सपाट मुलखात जास्तीत जास्त 7 टक्के, म्हणजे 7 मीटर रुंद रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर वर. हे मांडलं की ताशी 100 किलोमीटरला 360 मीटर, 80 ला 230 मीटर आणि गावरस्त्याच्या 50 ला 90 मीटर त्रिज्या येते.

आता हे आकडे शिंदखेड्याच्या बांधावर आणून पाहू. काटकोनी कोपऱ्यावर 90 मीटर त्रिज्येचं वळण बसवायचं, तर कोपऱ्याच्या अलीकडे 90 मीटरवर रस्ता बांध सोडतो आणि पलीकडे 90 मीटरवर पुन्हा बांध धरतो. मधोमध तो कोपऱ्यापासून 37 मीटर आत, वावरातून जातो. कोपरा आणि रस्ता यांच्यामध्ये अडकलेला तुकडा भरतो 17 गुंठे. तेवढा कापूस एका बाजूला, उरलेलं वावर दुसऱ्या बाजूला, आणि मधून डांबरी रस्ता. गावरस्त्यांची वळणं पुस्तकापेक्षा घट्ट का राहतात, याचं उत्तर बऱ्याचदा या 17 गुंठ्यांत असतं.

ड्रॉइंग बोर्ड ते पडदा

संगणकापूर्वी वळण बदलणं हे जिवावरचं काम होतं. आरेखकाकडे 'रेल्वे कर्व्ह' नावाचा पट्ट्यांचा पेटीभर संच असे. प्रत्येक पट्टीची कड वेगळ्या त्रिज्येची. योग्य पट्टी शोधून ती दोन सरळ रेषांना टेकवायची आणि शाई ओढायची. त्रिज्या बदलली तर ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडायची, सगळे कोन आणि लांब्या लॉगॅरिदमच्या पुस्तकातून पुन्हा काढायच्या, पुढचे सगळे साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनची अंतरं, नव्याने लिहायचे, आडवे छेद नव्याने काढायचे. म्हणून बहुतेक वेळा पहिलं जमलेलं वळणच पक्कं व्हायचं. दुसरा पर्याय तपासायला वेळच नसे.

ही गाठ सैल केली अमेरिकेतल्या एमआयटीचे चार्ल्स मिलर यांनी. 1958 मध्ये त्यांनी रॉबर्ट लाफ्लाम यांच्यासोबत जमिनीचा चढउतार अंकांच्या रूपात साठवण्याची कल्पना मांडली, म्हणजे एकाच जमिनीवर अनेक आखण्या संगणकाकडून तपासून घेता येतील. त्यांच्याच पुढाकाराने 'कोगो' ही प्रणाली आली. तिच्यात बिंदू, रेषा आणि वळणं यांची भूमिती अभियंत्याच्या ओळखीच्या शब्दांत सांगता येई. 1970 च्या दशकात इंग्लंडमधल्या तीन काउंटी कौन्सिलांनी मिळून 'मॉस' हे रस्ते आखायचं सॉफ्टवेअर तयार केलं, तेच पुढे एमएक्स रोड झालं. ऑटोकॅड 1982 चं, आणि सिव्हिल थ्रीडी त्याच घरातलं. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पाच्या कामांनंतर ही साधनं आपल्या रस्त्यांच्या आखणीत सर्रास वापरात आली.

ठिपका ओढताना

सिव्हिल थ्रीडीत वळण तीन स्वभावांचं असतं. 'फिक्स्ड' वळण स्वतःच्या जागी ठाम राहतं, शेजारी हलला तरी ते हलत नाही. 'फ्लोटिंग' एका शेजाऱ्याला चिकटलेलं असतं. 'फ्री' वळण दोन्ही बाजूंच्या रेषांना स्पर्श करून राहतं; त्या कशाही फिरवल्या तरी जोड तुटत नाही. काम हातात घेतलेल्याने हे आधी ओळखायला हवं. नाहीतर एक रेषा ओढली की वळण तिथेच राहतं आणि जोडावर कोन पडतो. पडद्यावर तो दिसत नाही, तिथून जाणाऱ्या गाडीला जाणवतो.

एक उदाहरण जवळून पाहू. महामार्गाला मिळणाऱ्या एका रस्त्याच्या दोन सरळ रेषांमध्ये 40 अंशांचा फरक आहे आणि मध्ये 230 मीटर त्रिज्येचं वळण आहे. ताशी 100 चा वेग हवा म्हणून तक्त्यात 230 पुसून 360 लिहिलं. जे वळण कोपऱ्याच्या 84 मीटर अलीकडे सुरू होत होतं, ते तत्क्षणी 131 मीटर अलीकडे सुरू होतं. वळणाचा मध्य सव्वाआठ मीटर आत सरकतो. एकूण रस्ता 3.9 मीटरने आखूड होतो, म्हणून पुढच्या प्रत्येक मोरीचा, प्रत्येक पुलाचा साखळी क्रमांक 3.9 मीटरने मागे येतो. वर संक्रमण वक्र घातला, तर सूत्राप्रमाणे तो दोन्ही बाजूंना 120 मीटर लांब लागतो आणि मूळ वर्तुळ आणखी दीड-पावणेदोन मीटर आत ढकलतो. शेजारचं वळण जवळ असेल, तर दोघांमधली सरळ रेषा पुरत नाही आणि सॉफ्टवेअर वळण बसवायलाच नकार देतं.

निकषांची फाइल जोडलेली असेल, तर नियम मोडणाऱ्या जागी पिवळा त्रिकोण उमटतो. तो घालवायला त्रिज्या वाढवणं ही सगळ्यात सोपी वाट आहे, आणि धोका इथेच आहे. त्रिकोण गेला म्हणजे वळण चांगलं झालं असं नव्हे. त्या सव्वाआठ मीटरांत विहीर आहे, निंबाचं जुनं झाड आहे की भाऊबंदांच्या वाटणीचा बांध आहे, हे फाइलला माहीत नसतं. उलट, दोन्ही सरळ रेषांपैकी एक थोडी फिरवली, तर तीच त्रिज्या कुणाचंही वावर न चिरता बसू शकते. ते शोधायला पूर्वी महिने लागले असते, आज एक दुपार पुरते.

आणि ही दुपार वेळेवर खर्च व्हायला हवी. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची, तर 1956 च्या कायद्याप्रमाणे कलम 3-अ ची अधिसूचना निघते आणि हरकतीला 21 दिवस मिळतात. तोवर ते वळण गट क्रमांकांच्या यादीत उतरलेलं असतं. पडद्यावर ते अजूनही क्षणात बदलतं, पण कागदावर घट्ट बसलेलं असतं. रेल्वेच्या कायद्यातही वाट वेगळी असली तरी गत तीच. आणि रेल्वे पुन्हा आपल्याच दारात आली आहे. मनमाड–इंदूर या 309 किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, आणि तो धुळ्याहून नरडाण्यावरूनच शिरपूरकडे जाणार आहे.

म्हणून शिंदखेड्यासारख्या तालुक्यात रस्ता आखणाऱ्याकडे माझं एक मागणं आहे. अधिसूचनेच्या आधी किमान तीन आखण्या करा. प्रत्येक वळण गट क्रमांकांच्या नकाशावर टाका. त्याखाली त्रिज्या, वेग आणि कुणाचे किती गुंठे जातात ते मराठीत लिहा, आणि तो नकाशा ग्रामपंचायतीत लावा. शॉर्ट यांनी प्रवाशाच्या अंगाला बसणारा गचका मोजला. वळणाच्या आतल्या बाजूला ज्याचं वावर आहे, त्याला बसणारा गचकाही आखणीच्या वेळीच मोजला गेला पाहिजे. तो मोजायचं साधन आज प्रत्येक आरेखकाच्या टेबलावर आहे.