पायली, साअ आणि फित्र्याचा हिशेब

रमजान संपत आला की मशिदींच्या फलकांवर फित्र्याची रक्कम लागते. कुठे ती १ किलो ६३३ ग्रॅम गव्हाच्या भावाने काढलेली असते, कुठे २ किलो ४५ ग्रॅमच्या. तरुण मुले विचारतात, प्रेषित एक, मग वजने दोन कशी?

याचे उत्तर जुन्नर तालुक्यातल्या जुन्या शेतकऱ्याला चटकन समजेल. लेण्याद्रीच्या परिसरातला हा मुलूख धान्याचा. जुन्नरच्या सातवाहनकालीन लेण्यांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. अगदी परवापरवापर्यंत आपल्याकडे खळ्यावर धान्य तोलत नसत, मापत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे. १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि पायलीची जागा किलोने घेतली. पण पायलीचे किलो किती, हे पायलीत काय भरले आहे यावर ठरते. गहू जड, सालासकट जव हलका. माप तेच, वजन वेगळे.

फित्र्याचेही तसेच. हदीसमध्ये खजूर किंवा जव एक साअ द्यायला सांगितले आहे. हनफी मतानुसार गहू अर्धा साअ. साअ हे भांड्याचे माप. जसे पायलीत चार शेर, तसे साअमध्ये चार मुद.

हे माप नेमके केवढे, यावर फार पूर्वीच वाद झाला. इराकी फकीह साअ आठ रतल धरत, मदिनावाले पाच आणि एक तृतीयांश. इमाम अबू हनीफांचे शिष्य इमाम अबू यूसुफ मदिनेला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी वाडवडिलांपासून घरात चालत आलेले साअ आणून दाखवले. ते पाहून अबू यूसुफ यांनी आपल्या गुरूंचे मत सोडले आणि मदिनेचे माप मान्य केले, असे सांगितले जाते. इतर हनफी आठ रतलांवर कायम राहिले.

हिंदुस्थानात प्रश्न आला तोळ्यांचा. काही उलेमांनी वजनावरून हिशेब करून अर्धा साअ सुमारे १४० तोळे धरला. तोच १ किलो ६३३ ग्रॅम. बरेलीचे मौलाना अहमद रझा खान (१८५६-१९२१) यांनी दुसरी वाट धरली. ज्या भांड्यात १४४ रुपयेभार जव मावले, त्याच भांड्यात त्यांनी गहू भरला. तो भरला १७५ रुपये ८ आणेभार. तेच आजचे २ किलो ४५ ग्रॅम. यात खबरदारी आहे आणि गरिबाचा फायदाही, अशी त्यांची भूमिका होती.

म्हणजे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. कुराणातली ‘मुतफ्फिफीन’ ही सूरह माप आणि तोल या दोन्हींत कमी देणाऱ्यांना ताकीद देते. फलकावरच्या आकड्यावरून भांडण्यापेक्षा ती ताकीद आठवावी. आपापल्या आलिमांच्या मताने फित्रा अदा होतोच. ऐपत असेल त्याने मात्र जड आकडा धरावा. खळ्यावर आलेल्या गरिबाचे माप आपले आजोबाही शीग लावूनच भरत.