वेळेवरचे घड्याळ

कोकणीत समुद्रकिनाऱ्याला वेळ म्हणतात. 'दर्यावेळ' हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलेला आहे की त्यात काही विशेष आहे हे आपल्याला जाणवतही नाही. पण घाटावरून आलेल्या पाहुण्याला 'संध्याकाळी वेळेवर जाऊया' म्हटले की तो बिचारा घड्याळाकडे बघतो! त्याचेही काही चुकत नाही. संस्कृतातल्या 'वेला' या शब्दात किनारा, भरती, मर्यादा आणि काळ असे सगळे अर्थ एकत्र नांदतात. मराठीने त्यातला काळ उचलला. कोकणीने काळही ठेवला आणि किनाराही ठेवला. तेरेखोल ओलांडून शिरोड्याला गेलात तर तिथल्या किनाऱ्याचे नाव वेळागर. म्हणजे पलीकडेही तो अर्थ अगदीच पुसला गेलेला नाही.

हे सगळे आठवायला निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग करतो, म्हणजे फळीवर उभा राहून लाटेबरोबर घसरत येतो. एका रविवारी दुपारी तो जेवायला आला तेव्हा मनगटावर चांगले जाडजूड घड्याळ.

"मामा, आज चौदा लाटा मिळाल्या. सगळ्यात लांबची एकसष्ट मीटर."

"कोणी मोजल्या?"

"घड्याळाने!"

मग त्याने फोनवर नकाशा दाखवला. किनाऱ्याला लागून रेघांचे नुसते गुंतवळ झाले होते. एक रेघ तर सरळ वाळू ओलांडून माडांत घुसली होती. "इथे काय झाले? लाट तुला माडावर घेऊन गेली की काय?" असे मी विचारले. तो हसला. "तेव्हा मी पाण्याखाली असेन, मामा. पाण्याखाली त्याला काही कळत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. घड्याळाने माणूस कुठे आहे ते सांगायचे, ही कल्पना आपल्याला नवी वाटते. पण ती अडीचशे वर्षांहून जुनी आहे. आणि गंमत अशी, की असे ठिकाण सांगणारे घड्याळ आणि लाटेवरची फळी यांची गाठ १७७९ सालीच एकदा पडली होती. त्या भेटीची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

समुद्रात आपण कुठे आहोत हे ओळखण्याची आपल्या दर्यावरची जुनी युक्ती ध्रुवताऱ्यावर आधारलेली होती. एक लहान लाकडी फळी घ्यायची. तिच्या मधोमध दोरी ओवलेली आणि दोरीला गाठी मारलेल्या. गाठ दातांत धरून फळी समोर ताणायची, खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकवायची. जी गाठ दातांत असताना हे नेमके जुळते, ती अमुक बंदराची. अरब खलाशी या साधनाला कमाल म्हणत. १४९८ साली मालिंदीला वास्को द गामाने आपले ॲस्ट्रोलॅब मोठ्या कौतुकाने तिथल्या वाटाड्या नावाड्याला दाखवले, तर त्याला त्याचे काहीच नवल वाटले नाही. खंबायतचे आणि हिंदुस्थानचे नावाडी फळ्यांचे वेगळे साधन वापरतात, असे त्याने सांगितले. सोळाव्या शतकातल्या जुआंव द बार्रुश या पोर्तुगीज इतिहासकाराने हे लिहून ठेवले आहे.

फळी असो की ॲस्ट्रोलॅब, दोन्हींतून कळायचे ते फक्त अक्षांश. आपण उत्तरेला किती आलो ते ताऱ्यावरून समजते. पूर्वेला किंवा पश्चिमेला किती सरकलो ते समजत नाही, कारण पृथ्वी फिरतच असते. तिथे घड्याळच लागते. आपल्या पणजीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा ग्रीनिचला सकाळचे साधारण ७ वाजून ५ मिनिटे झालेली असतात. या जवळजवळ पाच तासांच्या फरकातच पणजीचे रेखांश दडलेले आहेत. म्हणजे जहाजावर ग्रीनिचची वेळ बिनचूक दाखवणारे घड्याळ असले की काम झाले. पण ते बिनचूकच हवे. विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैलाची चूक. हेलकावे खाणाऱ्या, दमट, कधी थंड तर कधी उकडणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ काय टिकणार?

जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराने या एका प्रश्नामागे आयुष्य घातले. १७५९ मध्ये त्याचे चौथे यंत्र तयार झाले. दिसायला मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे, तेरा सेंटीमीटर व्यासाचे. जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत ते अवघे पाच सेकंद मागे पडले. लार्कम केंडॉल या कारागिराने त्याची हुबेहूब प्रत केली, आणि ती प्रत कॅप्टन जेम्स कुकने आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सफरीत बरोबर नेली.

तिसऱ्या सफरीत, १७ जानेवारी १७७९ रोजी, कुकची 'रेझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी' ही दोन जहाजे हवाई बेटावरच्या केआलाकेकुआ उपसागरात नांगरली. घड्याळाची चाल तपासायची तर जमिनीवर स्थिर उभे राहून सूर्य-तारे बघावे लागतात. हे काम लेफ्टनंट जेम्स किंग याच्याकडे होते. त्याने देवस्थानाजवळच्या रताळ्याच्या शेतात आपले तंबू ठोकले. तिथल्या पुजाऱ्यांनी भोवताली काठ्या रोवून ती जागा निषिद्ध ठरवली आणि लोक आत येईनासे झाले. आपल्याकडे देवराईत पाय ठेवत नाहीत, तसेच काहीसे.

आणि याच किंगने त्या उपसागरातल्या लाटांवर खेळणारी माणसे पाहिली. वीस-तीस जण लांबट फळ्या घेऊन समुद्रात शिरतात, फुटणाऱ्या लाटांखालून बुडी मारत पलीकडे जातात, सर्वांत मोठ्या लाटेची वाट बघतात आणि तिच्यावर पालथे पडून भन्नाट वेगाने किनाऱ्याकडे येतात, असे त्याने लिहिले. वाटेत खडक आला तर फळी सोडून बुडी मारावी लागते. फळीचे तुकडे होतात आणि ते मोठे लाजिरवाणे मानतात, हेही त्याने टिपले. कुक १४ फेब्रुवारीला त्याच किनाऱ्यावर झालेल्या झटापटीत मारला गेला. किंगचे हे वर्णन सफरीच्या अधिकृत वृत्तांतात १७८४ साली छापून आले. हवाईतल्या या खेळाची जगाला मिळालेली ही अगदी सुरुवातीची लेखी ओळख.

आता जरा तो देखावा डोळ्यांसमोर आणा. तंबूत त्या काळचे जगातले एक सर्वोत्तम घड्याळ टिकटिकते आहे. बाहेर पाण्यात जी माणसे खेळताहेत, त्यांचे पूर्वज घड्याळावाचून, होकायंत्रावाचून, हजारो किलोमीटरचा पॅसिफिक ओलांडून या बेटांवर आले होते. तारे कुठे उगवतात, पक्षी कुठे परततात, मोठ्या लाटा कोणत्या दिशेने येऊन होडीच्या तळाला कशा लागतात, यावरून ती वाट काढत. आपण कुठे आहोत हे जाणण्याच्या दोन विद्या त्या दिवसांत एकाच किनाऱ्यावर, म्हणजे एकाच वेळेवर, समोरासमोर होत्या!

पुढे काय झाले ते ठाऊकच आहे. घड्याळाची भरभराट झाली आणि फळीला ओहोटी लागली. जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी हवाईची काही लाखांची वस्ती कापून काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ हवाईयन जेमतेम चाळीस हजार उरले. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना उघड्या अंगाने लाटांवर खेळणे पसंत नव्हते. धर्मांतरानंतर आपली किती गाणी, किती वाद्ये, किती सण दडपले गेले हे गोव्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पण हवाईतला खेळ पार मेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायकिकीच्या किनाऱ्यावर त्याने पुन्हा उचल खाल्ली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या ड्यूक काहानामोकूने तो ऑस्ट्रेलियापर्यंत नेला. १९१७ मध्ये याच ड्यूकने वायकिकीला एका लाटेवरून मैलाहून जास्त अंतर कापले असे सांगतात. मोजायला तेव्हा मनगटावर काही नव्हते. पाहणाऱ्यांच्या आठवणीवरच ती लाट आजवर तरली आहे. वायकिकीच्याच पोरांनी पुढे फळीवर उभे राहून हातात वल्हे घेण्याची पद्धत रुळवली. तिला आता स्टँड-अप पॅडलिंग म्हणतात आणि गोव्यात शांत नदीच्या पाण्यावरही ती दिसते.

तिकडे घड्याळाची वाट युद्धातून गेली. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत दोघे शास्त्रज्ञ त्याचा आवाज ऐकत बसले होते. आगगाडी जवळ येताना शिटी चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते, तसा त्या संदेशातला चढउतार मोजून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग उलटा विचार सुचला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे तेही निघेल की! त्यातून अण्वस्त्रधारी पाणबुड्यांसाठी 'ट्रान्झिट' ही यंत्रणा आली, आणि नंतर जीपीएस. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये वर गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, २६९ माणसे गेली, आणि त्यानंतर अमेरिकेने ही सोय सर्वांना खुली करण्याचे जाहीर केले. तरी सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम खोट घातलेली असे. उत्तर शंभर मीटरपर्यंत चुकायचे. माझा भाचा पाण्यात आहे की वाळूत, एवढेही त्यातून खात्रीने सांगता आले नसते. मे २००० मध्ये ती खोट काढून टाकली.

आणि हे सगळे चालते कशावर? घड्याळावरच! सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ आहे. तिथून निघालेला संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर तीनशे मीटरची चूक. हॅरिसनचेच गणित, फक्त फार बारीक दळलेले.

कॅसिओने १९९९ मध्ये मनगटावरचे पहिले जीपीएस घड्याळ काढले. २००३ पासून गार्मिनची घड्याळे धावपटूंच्या हातावर दिसू लागली. २०१४ मध्ये रिप कर्लने खास सर्फिंगसाठी घड्याळ आणले. ते लाटा कसे मोजते? हाताने पाणी मारत जाणाऱ्या माणसाचा वेग थोडा असतो. लाटेने उचलले की वेग एकदम कितीतरी पटींनी वाढतो. असा वेग काही सेकंद टिकला की ते एक लाट धरते. पण खारे पाणी उपग्रहाचा संदेश अडवते. काही सेंटीमीटर पाणी वर आले तरी पुरे. पालथे पडून पाणी मारताना मनगट सारखे बुडते, म्हणून सर्फिंगच्या नोंदीत खाडाखोड फार. वल्हे धरून उभे राहिलेल्याचे हात वर असतात, त्याची रेघ बरीच स्वच्छ येते. मधला तुकडा हरवला की घड्याळ अंदाजाने ठिपके जोडून टाकते, आणि मग माणूस माडांत शिरतो.

मला यात घड्याळाची चेष्टा करायची नाही. वल्हे मारत लांब गेलेल्याला परतीची वाट सापडणे ही काही लहान गोष्ट नव्हे. आपले ट्रॉलरवाले जीपीएसवाचून आता बाहेर पडत नाहीत. माझी काळजी वेगळी आहे. घड्याळ पाण्यावरचे तेवढे टिपते. पाण्याखालचे, वाऱ्यातले, चंद्रातले ज्ञान माणसाच्या बोलण्यात असते आणि ते बोलणे थांबले की जाते. हवाईयनांना हे कळले. त्यांनी जुन्या धर्तीची 'होकुलेआ' ही जोडहोडी बांधली. पण ताऱ्यांवरून वाट काढणारा त्यांच्यात कोणी उरला नव्हता. तेव्हा मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरून माऊ पिआइलुग या नावाड्याला आणावे लागले. १९७६ मध्ये त्याने कोणतेही यंत्र न घेता ती होडी हवाईहून ताहितीला नेली. नंतर त्याच्याकडूनच हवाईच्या तरुणांनी आपली विद्या परत शिकून घेतली. आजोबांकडून त्याला मिळालेली ती शिकवण जर त्याच्याबरोबर संपली असती, तर कोणत्या घड्याळातून ती काढणार होतो?

आपल्याकडे रांपणीला जाणारे म्हातारे अजून आहेत. पहाटेचा मतलई वारा पडून खारा वारा कधी सुटेल, पुनवेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांत पाणी कसे वेगळे वागते, पावसाळ्यानंतर वाळूचा बांध कुठे सरकला, हे ते पायांनी ओळखतात. उधाण आणि भांग हे शब्द घरातल्या किती मुलांना माहीत आहेत, विचारून बघा.

मी भाच्याला विचारले. भांग त्याला माहीत नव्हता. पण मी म्हटले, "बरे, घड्याळ बाजूला ठेव आणि आज पाणी कसे होते ते सांग." तो अर्धा तास बोलत होता. सकाळी वारा जमिनीवरून होता म्हणून लाटा गुळगुळीत होत्या. दहानंतर वारा फिरला आणि सगळे विस्कटले. पुनव नुकतीच झाली, म्हणून पाणी फार आत गेले होते. पाचव्या लाटेला रांपणीच्या व्हड्याजवळ बसलेल्या म्हाताऱ्याने हात हलवून 'उत्तरेला सरक' म्हणून खुणावले आणि पुढच्या सगळ्या चांगल्या लाटा तिथेच मिळाल्या.

"हे घड्याळात आहे?" मी विचारले.

"नाही."

मग मी वही काढली आणि त्याच्याकडून एकेक गोष्ट पुन्हा विचारून लिहून घेतली. घड्याळ सांभाळणाऱ्या किंगनेही शेवटी हेच केले होते. पुढच्या रविवारी आम्ही दोघे मिळून त्या म्हाताऱ्याकडे जाणार आहोत. भांग म्हणजे काय, ते त्याच्या तोंडून ऐकायला.