खोंड शिकवणे

३. मंडणगड भागात भातकापणी उरकली की गुरे रानात मोकळी सोडतात. अशा चरण्यावर वाढलेला खोंड माणसाला सहजी जवळ येऊ देत नाही. लेखकाने त्याला ‘रानटी’ म्हटले आहे ते उगाच नाही. साधारण तिसऱ्या वर्षी त्याला वेसण घालतात. नाकाची जखम सुकेपर्यंत दोर ओढायचा नाही. चारा, पाणी आणि पाठीवरून हात, एवढेच. मग जू. जोडीला मुरलेला बैल, मागे नांगराऐवजी ओंडका आणि पुढे कासरा धरून घरचा माणूस. खोंड बिथरला तर जोडीचा बैलच त्याला आवरतो. चाबकाने ते साधत नाही. सरळ चालला की कासरा लगेच सैल सोडायचा. चिखलणीला घालायचे ते सर्वांत शेवटी, कारण पाय रुतला की तो बसकण मारतो आणि मग ती खोडच लागते. लहान चणीच्या, काटक कोकण कपिला जातीची राष्ट्रीय नोंद २०१८ साली झाली. डोंगरउताराच्या खाचरांत तिचेच बैल चालावेत.

पुढच्या ओळीतले ‘मस्टँग’ म्हणजे अमेरिकेतले मोकाट घोडे. त्यांना १९७१च्या कायद्याने संरक्षण आहे. सरकार त्यांतले काही पकडते, काही ठिकाणी तुरुंगातले कैदी त्यांना माणसाळवतात, मग ते दत्तक दिले जातात; वर्षभर नीट सांभाळल्यावरच मालकी मिळते. लेखकाची तुलना थोडी ओढूनताणून वाटते: खोंड शेवटी गोठ्यातच जन्मलेला असतो. (संपा.)